ओल्या प्लास्टरवरची चीर

समोरच्या माणसाने हात पुढे केला की माझी नजर आधी त्याच्या नखांकडे जाते. देवळात प्रसाद देताना, सुनेला बांगड्या भरताना, बसमध्ये कंडक्टरकडून तिकीट घेताना. ही खोड मला उमरकर डॉक्टरांमुळे लागली. ती काही चांगली खोड नव्हे. तिच्यापायी माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला उशीर होतो.

मी कारंज्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा वऱ्हाड अजून मध्यप्रदेशात होतं. दवाखाना लहानसा, गावातल्या कापसाच्या व्यापाऱ्यांनी देणग्या देऊन बांधलेला. समोर ओसरी, आत पुरुषांची एक खोली, बायका आणि मुलांची एक, आणि मागे ऑपरेशनची. एक्स-रेचं यंत्र नव्हतं, फोटो काढायला अमरावती गाठावी लागे. माझं शिक्षण नागपूरला झालेलं. मला वाटलं होतं, ताप, बाळंतपणं आणि विंचू चावलेली माणसं एवढंच इथे येत असेल. पण उमरकर डॉक्टरांमुळे या दवाखान्यात हाडं मोडलेली माणसं लांबलांबून येत. चिंचेवरून पडलेली मुलं, गाडीच्या चाकाखाली पाय गेलेले गडी, विहिरीच्या काठावर घसरलेल्या म्हाताऱ्या.

डॉक्टर उंच आणि किडकिडीत होते. सतत खाटांवर वाकून त्यांची पाठच पोक धरून बसली होती. त्यांच्या भुवयांत आणि कानामागे प्लास्टरची पांढरी भुकटी अडकलेली असे, आणि त्याच भुकटीने बोटं तडकलेली. बोलणं हळू. आमच्याशी ते पुस्तकी मराठी बोलत, पण रुग्णापाशी गेले की सरळ वऱ्हाडीत शिरत, कारण त्यांचं लहानपण त्याच मातीत गेलं होतं.

पहिल्याच दिवशी माझं त्यांच्याशी बिनसलं. मुलांच्या खोलीत दुपारी सगळी लेकरं मोठ्या मुश्किलीने झोपली होती. डॉक्टर जेवणावरून उठून तसेच आले आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून प्लास्टरमधून बाहेर आलेलं बोट धरू लागले. नख दाबायचं, सोडायचं, आणि पांढरं झालेलं नख पुन्हा गुलाबी होतं की नाही ते बघायचं. मग मुलाला जागं करून म्हणायचं, "बोटं हालव रे. सगळे हालव." एक उठलं, ते रडलं, त्याच्या रडण्याने बाकीची उठली. खोलीत नुसता कालवा झाला. मी रागाने म्हणाले की, एवढ्या कष्टाने झोपवलेल्या मुलांना उठवायची काय गरज होती, संध्याकाळी पाहिलं असतं तरी चाललं असतं.

ते रागावले नाहीत. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "सिस्टर, रडणाऱ्या लेकराची मला काळजी नसते. दुखणं असताना जे गप्प झालं, ते मला आधी दाखवत जा."

मला वाटलं, बोलायची एक तऱ्हा असेल. पण त्यांचं सगळं वागणंच त्या वाक्याभोवती फिरत होतं. प्लास्टरचे पट्टे आम्ही दवाखान्यातच करायचो. जाळीदार कापडावर भुकटी चोळायची, गुंडाळी करायची आणि ओल लागू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डॉक्टर हाड जागेवर बसवत, पट्टे ओले करून बांधत, हाताने सारखे करत. असं घोटीव काम करत की बघत राहावं. आणि ते जेमतेम आवळू लागतं न लागतं तोच चाकू घेऊन वरपासून खालपर्यंत चीर देत, अगदी आतल्या कापसापर्यंत. मग दोन्ही कडा बोटांनी जरा फाकवून वरून साधी पट्टी गुंडाळत. सूज उतरली की काही दिवसांनी ते पुन्हा बंद करून घेत.

लोकांना हे आवडत नसे. कामरगावच्या एका बड्या शेतकऱ्याच्या मुलाचं मनगट मोडलं होतं. बाप म्हणाला, "पैशे पुरे घेता, अन् आमाले फुटकं प्लास्टर काहून?" डॉक्टरांनी हात जोडले आणि सांगितलं की पैसे देऊ नका, पण प्लास्टर असंच राहील आणि पोरगं आज इथेच राहील. त्यांचा दुसरा नियम तोच होता, प्लास्टर घातलेल्या दिवशी कुणाला घरी जाऊ द्यायचं नाही. कुणी हट्टाने गेलंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी हे बसने, नाहीतर कुणाच्या बैलगाडीतून त्याच्या गावी हजर. ओसरीत बसून नखं दाबत आणि पाणीसुद्धा न घेता परत येत.

गावात त्यांना 'बोटंवाले डॉक्टर' म्हणत. हसण्यावारी नेत. एकदा त्यांच्या पत्नी हळदीकुंकवाला आल्या होत्या, तेव्हा मीही हसत तो विषय काढला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झोपेतसुद्धा माझा हात शोधतात आणि नख दाबतात. मी सोडवून घेत नाही. सोडवला तर दचकून उठतात."

त्या दिवसापासून मी त्या सवयीवर हसणं सोडलं.

जिनिंगच्या हंगामात एक तरुण मजूर आला. सरकी काढायच्या यंत्रात हात गेलेला, कोपराखाली काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी हात कापला आणि त्याचा जीव वाचवला. जखम चांगली भरली. पण तो माणूस सांगू लागला की, नसलेल्या हाताची मूठ आवळली गेली आहे आणि नखं तळव्यात रुतताहेत. बाकीचे रुग्ण त्याला चिडवत. त्याची बायको घाबरली होती, तिला वाटे बाहेरचं काही लागलं असावं. डॉक्टर दुपारी त्याच्या खाटेवर जाऊन बसले. कोणतं बोट जास्त दुखतं, अंगठा मुठीच्या आत आहे की बाहेर, असं एकेक विचारत राहिले. तो डोळे मिटून सांगत होता. मी औषधाचा ट्रे घेऊन उभी होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते त्याला म्हणाले, "तू खोटं नाई बोलून राह्यला. हात गेला तरी दुखनं मागं राह्यते. मले माहीत हाये."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं दुखणं काही त्याने थांबलं नाही, बरेच महिने राहिलं. पण तो पुढे जेव्हा जेव्हा यायचा, तेव्हा औषध मागायच्या आधी डॉक्टरांपाशी बसून मुठीची हकीकत सांगायचा. आणि डॉक्टर ती बाहेर कितीही गर्दी असली तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे.

त्यांच्या हातून चांगलं झालेलं थोडं नव्हतं. किन्हीराजाकडची एक बाई जन्मतःच पाय आत वळलेलं तान्हं घेऊन आली. तळवे एकमेकांकडे तोंड करून, जणू पाय नमस्कार करताहेत. सासूने तिला सांगितलं होतं की, ग्रहणात चिरलं म्हणून असं झालं. डॉक्टरांनी सासूलाच पुढे बोलावलं, तिच्या हातात बाळाचा पाय दिला आणि तो हळूहळू बाहेर कसा वळवायचा ते शिकवलं. दर आठवड्याला त्या दोघी बाळाला घेऊन यायच्या. जुनं प्लास्टर भिजवून काढायचं, पाय आणखी जरासा वळवायचा, नवीन घालायचं. वर्ष उलटल्यावर ते पोर दवाखान्याच्या ओसरीत सरळ तळवे टेकून उभं राहिलं. सासूने ओसरीतच डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं. आम्ही सगळे खुशीत होतो. डॉक्टरांनी पोराला उचललं, त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून बघितलं, आणि आत निघून गेले. मी मागोमाग गेले तर ते खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. म्हणाले, "हे बरं झालं. पण हे माझ्या खात्यात जमा होत नाही, सिस्टर." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

तो कळला पुढच्या दिवाळीनंतर. डॉक्टरांनी मला विचारलं की, धनजला एका मुलीचा हात पाहायला जायचं आहे, सोबत याल का. ऑपरेशनविषयी बोलायचं आहे आणि मुलगी मोठी झाली आहे, बाईमाणूस बरोबर असलेलं बरं. आम्ही सकाळच्या बसने निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. कामरगाव मागे पडलं. मग माझ्याकडे न बघता, जणू रुग्णाची माहिती द्यावी तसं त्यांनी सगळं सांगितलं.

वच्छला आठ-नऊ वर्षांची असताना गाडीवरून पडली आणि तिचं उजव्या कोपरावरचं हाड मोडलं. बाप, किसनराव, तिला घेऊन आला. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन हाड बसवलं, कोपर वाकवून पूर्ण बंद प्लास्टर घातलं. मनगटाची नाडी लागत होती. काम उत्तम झालं होतं. किसनरावांच्या घरी पेरणीची घाई होती म्हणून त्याच दिवशी जाऊ दिलं. जाताना सांगितलं की, प्लास्टरला कुणी हात लावायचा नाही, कितीही दुखलं तरी ते सोडायचं नाही. आणि बोटं काळीनिळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच घेऊन यायचं.

"पहिलं मी दरडावून सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "गावठी लोक प्लास्टर फोडून टाकतात म्हणून. दुसरं हात धुता धुता सांगितलं."

किसनरावांनी पहिलं लक्षात ठेवलं. आत हात सुजत गेला आणि प्लास्टर काही सैल होईना. रक्त पोचेना. मुलगी आकांत करत होती. आईने विळा घेतला, पाण्याने भिजवून प्लास्टर कापू म्हणाली. किसनरावांनी तो तिच्या हातून काढून घेतला. डॉक्टरांचा शब्द होता. मग मुलीचं रडणं थांबलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आठवड्याने तिला दवाखान्यात आणलं तेव्हा किसनराव हसतमुखाने म्हणाले होते, आता बिलकुल दुखत नाही, साहेब, तिसऱ्या दिवसापासून चूप आहे.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. हात जगला, पण आतलं मांस मेलेलं होतं. पुढे ते आखडत गेलं आणि बोटं तळव्याकडे ओढली गेली ती तशीच राहिली.

"तेव्हापासून दर वर्षी येतो," एवढं बोलून ते थांबले. धनज आलं होतं.

किसनरावांचं घर चांगलं नांदतं होतं. अंगणात तुरी वाळत घातल्या होत्या. किसनराव लगबगीने पुढे आले, खाटेवर सतरंजी टाकली. डॉक्टरांविषयी त्यांच्या वागण्यात तसूभरही कमीपणा नव्हता, उलट देव घरी आल्यासारखं करत होते. मला ते पाहवेना. डॉक्टरांनाही पाहवत नव्हतं. ते खाटेच्या अगदी कडेवर बसले होते. वच्छलाची आई चुलीपाशी चहा करत होती, तिने वर पाहिलं नाही.

वच्छला आली. पंधरा-सोळाची, उभ्या बांध्याची, धीट डोळ्यांची. डॉक्टरांसमोर येऊन तिने आपण होऊन उजवा हात पुढे केला, दर वर्षीची सवय असल्यासारखा. कोपराखालचा हात काटकीसारखा बारीक, मनगट वळलेलं, बोटं मुडपलेली. डॉक्टरांनी तिचं मनगट खाली वाकवलं, तशी बोटं थोडी उलगडली. मनगट सरळ केलं, बोटं पुन्हा मिटली. त्यांनी नखं दाबली. ती गुलाबी होती.

मग त्यांनी ऑपरेशनची गोष्ट काढली. रजा काढून ते मुंबईला जाऊन ती शस्त्रक्रिया शिकून आले होते. आखडलेले स्नायू कोपरापाशी हाडावरून सोडवायचे आणि खाली सरकू द्यायचे, म्हणजे बोटांना ढील मिळते. हात पहिल्यासारखा होणार नाही, पण तळवा बराचसा उघडेल. ते साध्या शब्दांत, धोक्यासकट सांगत होते. नस जपावी लागेल, महिनोन् महिने हात बांधून व्यायाम करावा लागेल. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर एक असा उजेड आला होता जो मी दवाखान्यात कधी पाहिला नव्हता. किसनरावांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले की डॉक्टर म्हणतील तो दिवस, आम्ही गाडी जुंपून आणतो.

वच्छला म्हणाली, "मले नाई करायचं."

किसनराव तिला गप्प करू लागले. डॉक्टरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि तिला विचारलं, भीती वाटते का.

"भेव नाई वाटत," ती म्हणाली. "डाव्या हातानं मी सगळं करतो. कापूस वेचतो, पानी भरतो, भाकर बी थापतो. मले त्या हाताची सवय झाली हाये. घरच्याइलेच नाई झाली." आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "डॉक्टरसाहेब, तुमी दरसाली येता. मंग माय दोन-दोन दिस जेवत नाई, अन् बाबा वावरात जाऊन बसते. कोनी कोनाशी बोलत नाई. तुमी आले का तो दिवस पुन्हा घरात येते. तुमी लय भले मानूस हा. पन आता येऊ नोका."

किसनराव खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होते. डॉक्टरांचा हात अजून तिच्या मनगटाखाली होता. तो त्यांनी फार सावकाश, मोडक्या हाडाखालून काढावा तसा काढून घेतला.

"बरं," ते म्हणाले. "नाई येत."

आम्ही उठलो तेव्हा वच्छलाची आई पहिल्यांदाच समोर आली. चहाचा कप त्यांच्या हातात देत म्हणाली, "एवढा घेऊन जा. सात साल झाले, तुमी आमच्या घरी पान्याचा घोटबी घेतला नाई." डॉक्टर उभ्याउभ्याच तो चहा प्याले. त्यांनी बशी खाटेवर ठेवून दिली आणि कप दोन्ही हातांनी धरला.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, आता या माणसाचं ओझं उतरेल. मुलीने मोकळं केलं, आईने चहा दिला, आणखी काय हवं. पण तसं झालं नाही. जाण्यायेण्याची ती एक वाट होती, तीही बंद झाली. दवाखान्यात ते अधिकच फिरू लागले. जेवायला जात आणि अर्ध्यातून परत येत. मुलांची खोली शांत झाली की ते दाराशी येऊन उभे राहत आणि मी "सगळे बरे आहेत" म्हटल्याशिवाय हलत नसत.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली. एका सकाळी पाहते तो डॉक्टर धुतलेला कोट आणि बूट घालून ओसरीत बसलेले. मांडीवर पिशवी. कुणाकडे निघालात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कुठे नाही." लांबून बसचा भोंगा ऐकू आला, बस फाट्यावर थांबली आणि गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत ते ऐकत बसले. मग आत गेले, कोट काढला आणि अस्तन्या वर करून कामाला लागले. त्यानंतरच्या वर्षीही तेच. आम्ही कुणी त्या सकाळी त्यांना हाक मारत नसू.

वच्छलाचं लग्न झाल्याची बातमी धनजच्याच एका रुग्णाने सहज बोलता बोलता दिली. नवरा मुलगा शेती करणारा, माणसं चांगली. डॉक्टर त्या वेळी त्याच्या गुडघ्यातलं पाणी सुईने काढत होते. त्यांनी हात हलू दिला नाही. काम संपवून, पट्टी बांधून त्यांनी एवढंच विचारलं, "मांडवात तिची माय जेवली का?" त्या माणसाला प्रश्न समजला नाही. तो म्हणाला, जेवली असेल, सगळेच जेवले. डॉक्टरांनी मान हलवली.

मग माझी बदली अमरावतीला ठरली. निघायच्या दिवशी डॉक्टर बसपाशी आले आणि माझ्याच बसमध्ये चढले. कामरगावचा एक म्हातारा बैलाने ढकलल्यामुळे पडला होता, खुब्याचं हाड मोडल्यासारखं वाटत होतं. घरची माणसं त्याला गाडीत घालून आणणारच होती, पण ती कशी उचलतील याची यांना धास्ती. मला निरोप द्यायला आले असं त्यांनी म्हटलं नाही आणि मीही तसं समजले नाही. वाटेत ते म्हणाले की, अमरावतीला एक्स-रे आहे, मोठे डॉक्टर आहेत, खूप शिकायला मिळेल. मी म्हणाले, तुमच्याइतकं नाही. ते ऐकून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

कामरगावला ते उतरले. तिथे कंडक्टर चहाला गेला म्हणून बस बराच वेळ थांबली. म्हाताऱ्याला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलंच होतं. डॉक्टरांनी दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून मोडका पाय चांगल्या पायाला बांधला, चौघांना चार कोपरे धरायला लावले आणि बाज अलगद गाडीत चढवली. गाडीत गवत पसरलेलं होतं. तरी त्यांचं समाधान होईना. गाडीवान बैल हाकणार तोच त्यांनी त्याला थांबवलं, मागच्या बाजूला गेले आणि म्हाताऱ्याची टाच आपल्या दोन्ही हातांत धरली. हाडाची टोकं एकमेकांवर घासू नयेत म्हणून पाय हलका ताणून धरावा लागतो. "आता चाल," ते गाडीवानाला म्हणाले, "पन सावकाश."

आमची बस धनजच्या बाजूला सुटली आणि गाडी कारंज्याच्या बाजूला. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. रस्ता सरळ होता, त्यामुळे बराच वेळ दिसत होतं. डॉक्टर गाडीमागून चालत होते, पाठ वाकवून, टाच धरून, बैलांच्या पावलाला पाऊल लावत. गाडी खड्ड्यात उतरली की तेही हात खाली नेत, वर आली की वर. कारंजा तिथून फार लांब होतं. कुणीतरी त्यांना गाडीत बसा म्हणत असावं, कारण एकदा त्यांनी मान हलवून नाही म्हटलेलं मला दिसलं. मग धुळीत ते आणि गाडी एक झाली.